वरचे दार बंद ठेवू नका: नादेशिको लीगच्या खेळाडूंसाठी जपान फुटबॉल संघटनेस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी मंडळ, जपान फुटबॉल संघटना,
तसेच नादेशिको लीग आणि वी लीग यांची संचालक मंडळे,
टोकियो.

सविनय नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरची. गेली बारा वर्षे जपानमध्ये, समुद्रकाठच्या एका लहान शहरात राहते आणि त्यांपैकी सात वर्षे इथल्या महिला फुटबॉल क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करते आहे. घरच्या मैदानावर सामना असला की फाटकावर तिकिटे तपासणे, पाऊस पडून गेला असेल तर खुर्च्या पुसणे, लहान मुलांच्या हाती संघाची माहितीपत्रके देणे, ही माझी कामे. आमचा क्लब नादेशिको लीगमध्ये, म्हणजे देशातल्या महिला फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर खेळतो. क्लबचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. एक तर माझे म्हणणे एका क्लबापुरते नाही आणि दुसरे म्हणजे माझ्या लिहिण्याचा त्रास तिथल्या मुलींना व्हावा, अशी माझी इच्छा नाही.

या पत्राची जपानी प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवली आहे. मराठीतही ते जाहीर करते आहे, कारण गावाकडे महिला फुटबॉलचा विषय निघाला की माझ्या ओळखीचे प्रशिक्षक मला हमखास विचारतात, "जपानने हे कसे जमवले?" त्यांना २०११ चा विश्वचषक ठाऊक असतो, पण तो कोणाच्या कष्टांवर उभा राहिला आणि त्या कष्टकऱ्यांच्या मागून आलेल्या मुली आज कुठे आहेत, हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

माझा या प्रश्नाशी संबंध काय, हे आधी सांगते. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहिले. पेठेपेठेतली ईर्ष्या, हलगीचा ताल, गोल झाल्यावर उडणारी धूळ, हे सगळे माझ्या अंगात मुरलेले आहे. मात्र त्या मैदानात मुलीने उतरायचे असते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. इथे आल्यावर माझ्या मुलीने शाळेतून येऊन सहज सांगितले की तिला फुटबॉलच्या संघात घेतले आहे. आज ती तेरा वर्षांची आहे आणि गोलरक्षक होण्याचा तिचा निश्चय आहे. तिला हे वेड लागले ते आमच्या क्लबच्या गोलरक्षकामुळे.

त्या गोलरक्षकाला आम्ही एका सोमवारी सकाळी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर पाहिले. आदल्या दिवशी संघाचा सामना दूरच्या प्रांतात होता आणि बस रात्री एकच्या पुढे परतली होती. सकाळी नऊला ती एप्रन बांधून उभी होती. उजव्या हाताची दोन बोटे पांढऱ्या पट्टीने एकमेकांना बांधलेली, त्यामुळे सुटी नाणी उचलताना ती तबक किंचित तिरके करून अंगठ्याने नाणी कडेला ओढत होती. रांगेतल्या कोणालाही तिने ते जाणवू दिले नाही. माझ्या मुलीने धीर करून पावतीच्या मागे सही मागितली, तेव्हा तिने डाव्या हाताने सही केली आणि वाकून आभार मानले. ती पावती आमच्या घरी आजही फ्रीजवर लावलेली आहे. पुढच्या हंगामात तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

आपण २०२१ साली वी लीग ही जपानची पहिली पूर्ण व्यावसायिक महिला लीग सुरू केलीत, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते आणि आजही करते. प्रत्येक क्लबने किमान १५ खेळाडूंशी व्यावसायिक करार केला पाहिजे, त्यांना वर्षाला किमान २७ लाख येन मिळाले पाहिजेत, क्लबच्या कारभारात स्त्रिया असल्या पाहिजेत, या अटी कागदावर उतरवणे ही सोपी गोष्ट नव्हती. माझी तक्रार वी लीगविरुद्ध नाही. ती उभी करताना आपण खालच्या पायरीचे काय केलेत, याविषयी माझी तक्रार आहे. ज्या लीगने बत्तीस वर्षे जपानचे महिला फुटबॉल खांद्यावर वाहिले, तिचे नाव आपण कायम ठेवलेत, तिच्या वर नवी लीग बसवलीत आणि दोहोंमधला जिना बांधायचे मात्र राहून गेले.

या लीगचा इतिहास आपल्याला मी सांगावा असे नाही, पण तो नजरेआड झाल्यासारखा वाटतो, म्हणून सांगते. १९८९ साली सहा संघांनिशी ती सुरू झाली. शिमिझू, योमिउरी बेलेझा, निस्सान, तासाकी, प्रिमा हॅम, शिन्को सेइको: नुसती नावे वाचली तरी कळते की बहुतेक संघ कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या पदराखाली होते. जमिनींचे आणि शेअरांचे भाव आभाळाला टेकले होते, कंपन्यांना पैशांची ददात नव्हती. मुली कंपनीत नोकरीला लागत, दिवसा कचेरीत बसत आणि संध्याकाळी सराव करत. नॉर्वेच्या लिंडा मेडालेन आणि हेगे रीसे यांच्यासारख्या जगातल्या अव्वल खेळाडू इथे येऊन खेळल्या. मग भाव कोसळले. निक्को सिक्युरिटीजच्या संघाने १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद मिळवले आणि त्या तिसऱ्या विजेतेपदानंतर कंपनीने संघच बंद केला. फुजिता कंपनीचा संघही त्याच सुमारास गेला. सिडनी ऑलिंपिकमध्ये जपानचा महिला संघ पात्रसुद्धा ठरला नाही.

त्या पडत्या काळात लीग जगली ती गावांमुळे. मिए प्रांतातल्या इगा या गावाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. प्रिमा हॅमच्या संघाने १९९९ साली विजेतेपद मिळवले, त्यानंतर कंपनीचे नाव गेले, पण निन्जांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इगाने संघ सोडला नाही. 'कुनोइची', म्हणजे स्त्री निन्जा, हे नाव लावून तो संघ आजही खेळतो आहे. ओकायामा प्रांतातल्या युनोगो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात २००१ साली क्लब उभा राहिला आणि पुढे विश्वविजेत्या संघात खेळलेली आया मियामा तिथेच मोठी झाली. २००४ साली टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर ३१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर उत्तर कोरियाला ३-० असे हरवून आपला संघ अथेन्स ऑलिंपिकला पात्र ठरला, त्याच वर्षी राष्ट्रीय संघाला नादेशिको हे नाव मिळाले आणि लीगही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. नादेशिको हे एक नाजूक, रानात उगवणारे फूल आहे. मराठी वाचकांसाठी एवढे सांगणे पुरे.

तरीही पाया कंपन्यांच्या मर्जीवरच राहिला. कोबे शहरातल्या तासाकी या मोत्यांच्या कंपनीचा संघ, जो पहिल्या सहांपैकी एक होता, २००८ च्या मंदीत बंद झाला. टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचा मारीझे हा संघ फुकुशिमात होता. ११ मार्च २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीची दुर्घटना यांनंतर त्याचे खेळणेच थांबले. त्याचे सरावाचे मैदान दुर्घटनेशी झुंजणाऱ्या कामगारांचा तळ बनले. पुढच्या वर्षी त्यातल्या खेळाडूंना सेंदाईच्या क्लबने आसरा दिला. त्याच २०११ च्या जुलैमध्ये विश्वचषकाच्या उपउपांत्य सामन्यात यजमान जर्मनीविरुद्ध जादा वेळेत एकमेव गोल कारिना मारुयामाने केला. ती पूर्वी मारीझेकडून खेळत असे आणि त्याच अणुऊर्जा केंद्रात नोकरी करत असे. आठवडाभराने फ्रँकफुर्टला अंतिम सामन्यात होमारे सावाच्या संघाने अमेरिकेला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. त्या संघातल्या बहुसंख्य खेळाडू नादेशिको लीगच्या होत्या आणि त्यांपैकी अनेकींनी आयुष्याची काही वर्षे दिवसा दुसरे काहीतरी काम करून काढली होती. देशाने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकला जाताना पुरुषांचा संघ विमानात पुढच्या, महागड्या आसनांवर आणि विश्वविजेत्या मुली मागे, हेही जगाने पाहिले.

आता तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार बंद दाराची. २०२१ साली नादेशिको लीगचा पहिला विभाग इगाने जिंकला. २०२२ साली सेतागायाच्या स्फिदाने जिंकला. २०२४ साली मियाझाकीच्या वियामातेरासने, आदल्या वर्षी दुसऱ्या विभागातून वर येऊन, लगेच जिंकला. यांपैकी एकाही संघाला त्या विजेतेपदामुळे वी लीगमध्ये जागा मिळाली नाही, कारण गुणतक्त्यावरून वर जाण्याची सोयच नाही. वी लीगमध्ये यायचे तर मैदान, पैसा आणि कर्मचारी यांच्या निकषांवर परवाना मिळवून अर्ज करावा लागतो. २०२३ साली बारावा क्लब म्हणून सेरेझो ओसाका आला तो याच मार्गाने. आदल्या वर्षीचा विजेता तो नव्हता. यात नियमभंग काही झाला नाही आणि सेरेझोबद्दल माझ्या मनात किंतुही नाही. पण ज्या लीगमध्ये पहिले येऊन वर जाता येत नाही, तिथल्या खेळाडूने ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्यात जिवाच्या आकांताने का धावावे, हे मला माझ्या मुलीला समजावून सांगता येत नाही.

नव्या व्यावसायिक लीगला स्थैर्य हवे, घसरणीची भीती असेल तर पैसे लावणारे बिथरतात, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे, हेही मानते. निक्कोची गोष्ट आठवली की कोणालाही ते मानावे लागेल. म्हणूनच पहिल्या दोन-तीन हंगामांत दार बंद ठेवण्याला मी हरकत घेतली नसती. हरकत आहे ती ते केव्हा उघडणार, हे न सांगण्याला. आमच्यासारख्या गावांतल्या नगरपालिकांना आणि छोट्या उद्योजकांना "पाच वर्षांत आपण वर जाऊ शकतो" असे सांगता आले, तर मैदानाला दिवे आणि आसने बसवण्यासाठी ते हात सैल सोडतील. तारीखच नसेल तर दिवे कशासाठी बसवायचे?

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. वी लीगचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. नादेशिको लीग मार्च-एप्रिलच्या सुमारास सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपते. एकाची सुरुवात ती दुसऱ्याची ऐन लढत. वरच्या क्लबने मधूनच खेळाडू उचलली तर खालचा संघ ऐन मोसमात लुळा पडतो, आणि वरच्या क्लबने मुक्त केलेली मुलगी खाली यायला निघाली तर इथला हंगाम निम्म्यावर आलेला असतो. दोन्ही लीगांचे संघ एकमेकांशी भिडतात ते फक्त सम्राज्ञी चषकात, हिवाळ्यात. तिथे आमचे संघ काय करू शकतात, हे आपण पाहता. तेवढ्यापुरतेच ते का असावे?

तिसरी तक्रार मला सर्वांत जवळची आहे. त्या गोलरक्षकाचा गुडघा गेला तो सरावात, गुरुवारी रात्री साडेआठच्या सुमारास. तिची नोकरी तासांवर होती. आरोग्य विम्यामुळे शस्त्रक्रियेच्या खर्चाचा मोठा भाग भागला, तरी आपल्या वाट्याचे तीस टक्के तिला भरावे लागले आणि उभे राहून करायचे काम असल्याने काही महिने पगार आलाच नाही. दुखापत कामावर झाली असती तर कामगार विमा होता. ती मैदानावर झाली आणि तिच्यासाठी मैदान हे 'काम' नाही. क्लबने वर्गणी काढली, आम्ही फाटकाशी डबा ठेवला. डब्यात नाणी पडत होती आणि मला लाज वाटत होती, कारण ज्या खेळाडूच्या नावाने आम्ही तिकिटे विकतो तिच्या गुडघ्यासाठी तिकिटांपलीकडे भीक मागावी लागते आहे, असे मला वाटले. ती वर्षभराने परत आली नाही. ती आता आपल्या माहेरच्या प्रांतात नोकरी करते. माझी मुलगी अजून तिला नववर्षाचे शुभेच्छापत्र पाठवते.

काही ठिकाणी चांगले चालले आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. चिबा प्रांतातल्या ओर्का कामोगावाच्या खेळाडू गावातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी करतात. मियाझाकीच्या शिन्तोमी या लहान गावात खेळाडू सरकारच्या ग्रामीण पुनरुज्जीवन योजनेखाली गावाचे काम करून मानधन घेतात आणि संध्याकाळी खेळतात. नोकरी आणि खेळ यांची सांगड घालता येते, ती मान राखून घालता येते, हे या गावांनी दाखवून दिले आहे. अर्धव्यावसायिक असणे हा कमीपणा नाही, आणि सगळ्यांनाच पूर्ण व्यावसायिक करा अशी माझी मागणीही नाही. मात्र ही चांगली व्यवस्था एखाद्या रुग्णालयाच्या किंवा सरपंचाच्या सद्बुद्धीवर सोडून दिलेली आहे. जिथे तशी सद्बुद्धी नाही, तिथे काही नाही.

चौथी गोष्ट प्रेक्षकांची. वी लीगने सरासरी ५,००० प्रेक्षकांचे उद्दिष्ट ठेवले होते. पहिल्या हंगामात ती सरासरी दीड हजारांच्या आसपास राहिली. मला यात आनंद नाही, वाईट वाटते. परंतु महिला फुटबॉलचा निष्ठावान प्रेक्षक कुठे घडला, तर इगा, युनोगो, कामोगावा अशा ठिकाणी, जिथे खेळाडू शेजारी राहते, दुकानात भेटते, मुलांना शिकवते. त्या गावांना शिखरापासून तोडून शिखरावर गर्दी जमेल, असे मला वाटत नाही.

यावर माझ्या, आणि माझ्यासोबत फाटकावर उभे राहणाऱ्यांच्या, मागण्या अशा आहेत.

नादेशिको लीगमधून वी लीगमध्ये गुणतक्त्यावरून जाण्याचा मार्ग कोणत्या हंगामापासून खुला होईल, याची तारीख आणि निकष जाहीर करावेत. निकष कडक असले तरी चालतील, पण विजेत्याला ते पूर्ण करण्यासाठी किमान दोन वर्षांची मुदत आणि संघटनेचे अर्थसाहाय्य मिळावे. दोन्ही लीगांचे हंगाम एकमेकांशी जुळवावेत आणि ते जुळेपर्यंत खेळाडूंची अदलाबदल होण्याचे दिवस तरी समान असावेत.

क्लब, नोकरी देणारी संस्था आणि खेळाडू या तिघांत लेखी करार व्हावा आणि त्याशिवाय क्लबला लीगमध्ये प्रवेश मिळू नये. कामाचे तास किती, दूरच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सुटी आहे की नाही, दुखापत झाली तर नोकरी किती महिने राखली जाईल, बाळंतपणानंतर संघात परत येता येईल का, हे त्यात स्पष्ट असावे. प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूसाठी सराव व सामन्यातील दुखापतीचा आणि बुडालेल्या पगाराचा विमा संघटनेने स्वतःच्या खर्चाने उतरवावा. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांच्या उत्पन्नातून हे करणे संघटनेला जड जाऊ नये; त्या सामन्यांच्या जर्सीवर ज्या फुलाचे नाव मिरवले जाते, त्याच नावाने या मुलीही खेळतात.

नादेशिको लीगच्या किती खेळाडू कोणत्या अटींवर खेळतात, किती जणींना क्लबकडून मानधन मिळते, किती जणी दुखापतीमुळे खेळ सोडतात, याचा तक्ता, कोणाचे नाव न देता, दरवर्षी प्रसिद्ध करावा. आणि जिथे हे निर्णय होतात त्या समितीत सध्या नोकरी करून खेळणाऱ्या किमान दोन खेळाडू मतदानाच्या अधिकारासह असाव्यात. बैठक कामाच्या वेळेत ठेवून त्यांची पंचाईत करू नये, एवढीही काळजी घ्यावी.

या पत्राचे उत्तर मला खाजगीत नको आहे. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण ते जाहीरपणे द्यावे आणि ज्या मागण्या मान्य नाहीत, त्या का मान्य नाहीत, हेही लिहावे, ही नम्र विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
नादेशिको लीगमधील एका क्लबची स्वयंसेवक आणि एका होतकरू गोलरक्षकाची आई